तीन महिन्यांची सुई

बसचा डेपो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. औषधांच्या जगातही हा शब्द आहे आणि अर्थ जवळचाच: साठा. डेपो-प्रोव्हेरा या इंजेक्शनात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट असतं, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं संप्रेरक. त्याचे बारीक कण स्नायूत साठतात आणि हळूहळू विरघळतात. १५० मिलिग्रॅमची एक मात्रा घेतली की तीन महिने गर्भ राहत नाही.

घरात गोळ्यांचं पाकीट लपवायला नको, सासूला कळायला नको. बाईच्या दृष्टीने हा मोठाच गुण. पण गोळी मानवली नाही तर उद्यापासून बंद करता येते. टोचलेली सुई परत काढता येत नाही. म्हणून टोचण्याआधी तिला काय सांगितलं, यावर सगळं अवलंबून.

अमेरिकेत अपजॉन कंपनीने १९६७ मध्ये गर्भनिरोधक म्हणून परवानगी मागितली. बीगल कुत्र्यांच्या स्तनांत गाठी आढळल्या होत्या. १९७८ मध्ये नकार आला, मंजुरी मिळायला १९९२ उजाडलं. कुत्र्यांवरून बायकांचा अंदाज बांधता येत नाही, असं मधल्या काळात तज्ज्ञांचं मत झालं होतं. तोवर इतर कितीतरी देशांत ही सुई सर्रास दिली जात होती, हेही विसरू नका.

आपल्याकडे ठिणगी पडली ती तिच्या बहिणीवरून. नेट-एन, दर दोन महिन्यांनी घ्यायची सुई. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटानचेरूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्या चाचणीसाठी बायका जमवल्या होत्या. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोहोचल्या आणि लक्षात आलं, की हे औषध अजून चाचणीत आहे याची त्या बायकांना कल्पनाच नव्हती. ते कळल्यावर अनेकींनी सुई नाकारली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच. न्यायालय नव्हतं, तज्ज्ञ समिती नव्हती. बायकांना माहिती मिळाली आणि त्यांनी आपलं आपण ठरवलं.

१९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ते २००० मध्ये मिटलं, तेव्हा सरकारने नेट-एन सरसकट वापरायची नाही हे मान्य केलं. दरम्यान १९९३ मध्ये डेपो-प्रोव्हेराला खाजगी विक्रीची परवानगी मिळाली होती. महिला संघटनांनी त्यालाही विरोध केला. २०१७ पासून हेच औषध ‘अंतरा’ नावाने सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागलं.

आता नियमाप्रमाणे आधी समुपदेशन करायचं असतं. पाळी अनियमित होईल, पुढे कदाचित थांबेलही. वापर चालू असेतो हाडांची घनता थोडी कमी होते. सुई सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या मात्रेपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. लग्नाला वर्ष झालेल्या मुलीला हे शेवटचं वाक्य आधी ऐकायला मिळालं पाहिजे. गर्दीच्या दिवशी नर्सताईंना तेवढी पाच मिनिटं मिळतात का, ते आपल्या जवळच्या केंद्रात जाऊन बघा.