पोलादपूरची मनीऑर्डर

"फुकट पैसे दिले तर काम कोण करेल?" युनिव्हर्सल बेसिक इन्कमचं नाव काढलं की हा प्रश्न हमखास येतो. मी म्हणतो, पोलादपूर-महाडकडे बघा. कित्येक पिढ्या इथली घरं मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालली. म्हणून डोंगरउतारावर नाचणी-वरी लावायची कोणी थांबलं का? खोट एकच, सगळा भार एका पगारावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि घरोघरची मनीऑर्डर आटली.

रोजगार हमी होती की! आपल्याच राज्याचा कायदा, १९७७ चा. चांगलाच आहे, पण खडी फोडायला अंगात बळ लागतं, आणि गावात राहिलेत बरेचसे म्हातारे. त्यातून सावित्रीच्या खोऱ्यातला पाऊस! २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, तर तिला वयाची अट ६५ पर्यंतच. म्हणजे आजी बाद.

मध्य प्रदेशात 'सेवा' संस्थेने २०११ पासून काही गावांत दरमहा विनाअट पैसे देऊन पाहिले. लोक आळशी झाले नाहीत, उलट स्वतःच्या शेतात जास्त राबले. आपण सॉफ्टवेअरसुद्धा आधी बीटा काढून बघतो. मग एक तालुका, दोन वर्षं, लहानथोर सगळ्यांना ठरावीक रक्कम, एवढं करून बघायला काय हरकत आहे? माझं मत पोलादपूरला.