ऑक्सिमीटर 98 दाखवतो तेव्हा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय.

मागच्या थंडीत इंदापूरला आत्याकडे होतो. दादा अंघोळीला गेला तो बाहेरच येईना. दार तोडलं, तर फरशीवर पडलेला. बाथरूम छोटं, गॅस गिझर आतच, खिडकी बंद. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावला. 98! आत्या म्हणाली, "चक्कर आली असेल रे, पडू दे जरा." मीही मान डोलावली. बीटेक माणूस, स्क्रीनवरचा आकडा खराच मानणार. शेजारच्या काकांनी मात्र गाडी काढली. बारामतीत डॉक्टरांनी 'गिझर' शब्द ऐकला आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता ऑक्सिजनचा मास्क चढवला.

बंद जागेतला गॅस आपल्याकडे नवा नाही. मार्च 2023 मध्ये खांडजला बायोगॅसच्या चेंबरमध्ये चार जण गेले. पण तिथले वायू वेगळे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

मग 98 कसं? उत्तर जुनं आहे. 19व्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये क्लोद बर्नार्डने हा वायू कुत्र्यांना दिला, तर शिरांमधलं रक्तसुद्धा लालभडक! हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. म्हणजे सीट रिकामी दिसतच नाही, फक्त भलताच बसलेला असतो. 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागींच्या कल्पनेतून आलेलं हे यंत्र प्रकाशाचे दोनच रंग मोजतं, त्यामुळे ते या लालीला ऑक्सिजनच समजतं. खरं प्रमाण कळतं ते रक्ताच्या खास तपासणीत, आणि त्याआधी "कुठे होतास? घरात अजून कुणाचं डोकं दुखतंय का?" या प्रश्नांत.

उपचाराचा अभ्यास केला जॉन स्कॉट हॉल्डेनने. हा गडी स्वतः हा वायू हुंगून नोंदी ठेवायचा! 1895 मध्ये त्याने दाखवलं की, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये विषबाधा झालेला उंदीरही जगतो. (त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला.) साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. म्हणजे "पडू दे जरा" किती महागात पडलं असतं, बघा.

दादा बरा आहे. त्रास काही आठवड्यांनीही उमटू शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या स्मरणशक्तीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. माझ्याकडचे पाचशे रुपये त्याला अजून आठवतात. गिझर बाहेरच्या भिंतीवर गेलाय.