शस्त्र परवाना: कायदा एक, दार वेगवेगळे

वस्तीवर धमकी आली की एखादा तरुण हमखास विचारतो, "पिस्तुलाचा परवाना मिळेल का?" पहिला प्रश्न असतो, राहता कुठे? गिरीजच्या रहिवाशाचा अर्ज मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात जातो. हे आयुक्तालय २०२० मध्ये सुरू झाले. जव्हार-मोखाड्यातल्या माणसाला मात्र पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते.

शस्त्र अधिनियम १९५९ देशभर लागू आहे. वय किमान २१, पोलीस अहवाल, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका. परवान्यावर जे क्षेत्र लिहिले आहे त्याबाहेर शस्त्र नेणे हा भंग. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लपवून पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, तर इलिनॉयने २०१३ पर्यंत ते करूच दिले नव्हते. आपल्याकडे इतका टोकाचा फरक नाही. तरी अपवाद आहेत. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाज आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. आसाम मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये संवेदनशील भागांतल्या मूळ रहिवाशांना परवाने देण्याचे ठरवले. म्हणजे समूह पाहून बंदूक देणे सरकारला नवे नाही.

मग आपले काय? अट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. अत्याचाराची भीती असलेला भाग राज्य सरकारने निश्चित करायचा, तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे परवाने गरजेनुसार रद्द करून शस्त्रे जमा करायची, बेकायदा बंदुका जप्त करायच्या, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींना परवाने द्यायचे. अनुसूचित जातींतून आलेले बौद्ध १९९० च्या दुरुस्तीमुळे यात येतात. जातीचा दाखला तयार ठेवा. सगळे अडते ते "आवश्यक वाटल्यास" या दोन शब्दांवर. ते कोणाला वाटायचे, हे प्रत्येक राज्याच्या प्रशासनावर सोडलेले आहे.

माझे मत विचाराल तर मागणीचा क्रम उलटा नको. आधी धमकावणाऱ्याचा परवाना रद्द करून घ्या. घरात बंदूक आली की घरातल्या बायका-मुलांचाही धोका वाढतो.

तरीही अर्ज करायचाच असेल, तर कलम १४(२) लक्षात ठेवा: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. भूमिहीनांना "तुमच्याकडे राखण्यासारखे आहे काय" असे तोंडी सांगून परत पाठवले जाते. तोंडी उत्तर घेऊ नका. अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा. कलम १८ खालचे अपील त्याच कागदावर उभे राहते.