वायअटारुआचा चढ

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून परत यायचं. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर पळण्यापलीकडे माझा अनुभव नव्हता. मग एक सोपं गणित मांडलं : शर्यत चढाची आहे, तर सरावही चढाचाच करायचा. आठवड्यातून चार दिवस वेताळ टेकडीवर जाऊन जीव खाऊन वर पळायचं, खाली यायचं, पुन्हा वर. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. पाचव्या आठवड्यात ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. शर्यत त्या वर्षी राहूनच गेली.

घरी बसलो असताना, टेकडीवर पळून माणूस खरंच वेगवान होतो की ही नुसती ऐकीव गोष्ट आहे, ते शोधायला लागलो. शोध थेट न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात, बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसापाशी जाऊन पोहोचला.

त्याचं नाव आर्थर लिडियार्ड, जन्म १९१७. तरुणपणी रग्बी खेळायचा आणि स्वतःला तंदुरुस्त समजायचा. तिशी जवळ आलेली असताना एका मित्राबरोबर पाच मैल पळायला गेला आणि त्याची पुरती दमछाक झाली. आत्ता ही अवस्था, तर पन्नाशीत काय होईल, असा प्रश्न त्याला पडला. त्याने उत्तर शोधलं ते स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून. कधी आठवड्याला अगदी कमी अंतर, कधी २५० मैलांपर्यंत. हे सगळं नोकरी आणि पहाटेची दूधवाटणी सांभाळून. बऱ्याच वर्षांनी तो आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, या आकड्यावर स्थिरावला. १९५३ आणि १९५५ साली तो न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला.

त्या काळात मध्यम पल्ल्याच्या धावपटूंमध्ये इंटरव्हलचा बोलबाला होता. ट्रॅकवर ठरावीक अंतर वेगाने पळायचं, थोडं थांबायचं, पुन्हा पळायचं. लिडियार्डने त्याच्या ओवाइराका या उपनगराच्या आसपासची पोरं गोळा केली आणि त्यांना ट्रॅकवरून उचलून रस्त्यावर आणलं. दर रविवारी वाइटाकेरे डोंगररांगेतून वायअटारुआचा फेरा मारायचा : २२ मैल, म्हणजे जवळपास ३५ किलोमीटर, आणि वाटेत लांबलचक चढ. मॅरेथॉनवाले हा फेरा मारत होतेच. पण ८०० मीटर पळणाऱ्यालाही त्याने तोच मारायला लावला. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी अडीच-तीन तास डोंगरात पळायचं, हे त्या वेळी अनेकांना खुळचटपणाचं वाटलं असेल तर नवल नाही.

उत्तर मिळालं २ सप्टेंबर १९६० रोजी, रोम ऑलिंपिकमध्ये. २१ वर्षांचा पीटर स्नेल ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरला. शेवटच्या काही मीटरांत बेल्जियमचा विश्वविक्रमवीर रॉजर मून्स पुढे होता. स्नेल आतल्या बाजूने घुसला आणि १ मिनिट ४६.३ सेकंदांत जिंकला. तासाभराच्या आत त्याच ट्रॅकवर मरे हालबर्ग ५००० मीटरसाठी उभा राहिला. किशोरवयात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने त्याचा डावा हात अधू झाला होता. तीन फेऱ्या उरल्या असताना तो एकदम सुटला, बाकीचे बघत राहिले आणि शर्यत संपताच तो गवतावर कोसळला. आठवड्याभराने बॅरी मगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळवलं. त्याच मॅरेथॉनमध्ये अबेबे बिकिला अनवाणी पळून जिंकला होता. तिन्ही किवी धावपटू लिडियार्डचे. न्यूझीलंडने मात्र त्याला संघाचा अधिकृत प्रशिक्षक म्हणून नेमलं नव्हतं.

इथवर वाचून मला वाटलं, बघा, चढच जिंकला! पण लिडियार्डचं वेळापत्रक नीट पाहिलं आणि माझी चूक कळली. वायअटारुआचा रविवार हा त्याच्या लेखी ‘हिल ट्रेनिंग’ नव्हताच. तो पायाचा भाग होता : दमसास वाढवण्यासाठी, धापा न टाकता केलेलं लांब पळणं. असे कित्येक आठवडे गेल्यावर मग चढाचा खास टप्पा यायचा, साधारण चार ते सहा आठवड्यांचा. त्यातही वर धावत सुटायचं नसे. गुडघे उंच उचलत, घोटा पूर्ण ताणत, उड्या मारल्यासारखं हळूहळू चढायचं. वर थोडं रमतगमत पळायचं, सैल अंगाने उतरायचं आणि पायथ्याशी काही छोट्या वेगवान धावा. ट्रॅकवरचा खरा वेगाचा सराव त्यानंतर.

या क्रमामागे कारण आहे. चढावर शरीराचं वजन हेच ओझं होतं. जिमशिवाय पोटऱ्या, मांड्या आणि नितंबांचे स्नायू बळकट होतात. चढताना पाय जमिनीवर कमी आपटतो. उतरताना उलट : प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेक लावतात आणि तिथेच सगळी झीज होते. पायाभरणी न झालेल्या पायांनी आठवड्यातून चार दिवस हे केलं, तर काय होतं ते मी सांगू शकतो.

आता शंका अशी, की ही सगळी स्नेलच्या उपजत ताकदीची तर करामत नव्हती? तो अफाट होताच. १९६२ साली ख्राइस्टचर्चला त्याने गवताच्या ट्रॅकवर ८०० मीटरचा १ मिनिट ४४.३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, १९६४ला टोकियोत ८०० आणि १५०० अशी दोन्ही सुवर्णं जिंकली. शिवाय रोममध्येच १५०० मीटर जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा हर्ब इलियट पर्सी सेरुटीच्या हाताखाली पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्या चढून तयार झाला होता, आणि सेरुटीला तर आखीव वेळापत्रकांचाच तिटकारा. म्हणजे वाट एकच नव्हती. पण लिडियार्ड १९६०च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडला जाऊन शिकवून आला आणि १९७२च्या म्युनिकमध्ये फिनलंडच्या लासे विरेनने ५००० आणि १०,००० मीटर, तर पेक्का वासालाने १५०० मीटर जिंकलं. श्रेय तिथल्या प्रशिक्षकांचंही आहे, तरी ओवाइराकाची पद्धत दुसऱ्या मातीत रुजली एवढं नक्की. स्नेल पुढे अमेरिकेत व्यायामशरीरशास्त्रात डॉक्टरेट घेऊन संशोधक झाला. आपल्या गुरूने अंदाजाने शोधलेलं शरीरात नेमकं कसं घडतं, हे त्याने प्रयोगशाळेत बसून अभ्यासलं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र पदकांआधीची गोष्ट. पाच मैलांत धाप लागलेला, नोकरी करणारा, तिशीला टेकलेला माणूस. १९६२ साली ऑकलंडमध्ये त्याने प्रौढ, सुटलेल्या पोटाच्या माणसांना हळू पळायला शिकवलं. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकन प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे आला, त्या संथ पळणाऱ्यांच्या घोळक्यात स्वतःच मागे पडला आणि परत जाऊन त्याने ‘जॉगिंग’चं वेड अमेरिकेत पसरवलं. आज सकाळी टेकडीवर इअरफोन लावून पळणारे आपण सगळे त्याच घोळक्यातले.

गेल्या वर्षी पुन्हा नाव नोंदवलं. दहा आठवडे टेकडीकडे वेगाने बघितलंही नाही. रविवारी लांब आणि इतकं हळू, की शेजारून आजोबा चालत पुढे जायचे. मग चार आठवडे चढ, आठवड्यातून दोनदाच. सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात धुकं होतं, ढोल वाजत होते. माझी वेळ कुणाला सांगण्यासारखी नाही. पण घाटात एकदाही चाललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना कठडा न धरता उतरलो.