चार रुपयांची मास्तरीण

हल्ली शिक्षणाच्या नव्या पद्धतींवर लय बोललं जातं. मूल मध्यभागी पाहिजे, त्याच्या अनुभवातून शिकवलं पाहिजे, मास्तरानं छडी टाकून मुलाशेजारी बसलं पाहिजे. बरोबर आहे, आम्ही कुठं नाही म्हणतो? फक्त हे सांगणारे सुरुवात करतात परदेशातून, नाहीतर पुण्यातून. नागपूरची नई वस्ती त्यांच्या तोंडी येत नाही. म्हणून दोस्तहो, ही हकीगत.

1892 साली दोन पोरी जन्मल्या. एक मुंबईत, ताराबाई मोडक. प्रार्थना समाजाचं घर, कॉलेजचं शिक्षण, पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम. दुसरी उमरेडला, महाराच्या घरात. जाईबाई. दुष्काळात घर उठलं आणि नागपूरला आलं. 1901 ला लग्न, म्हणजे वय नऊ. मग कामठी ते नागपूर डोक्यावर ओझं. कुली. ताराबाईला शिक्षणापर्यंत न्यायला पुस्तकं होती, जाईबाईच्या डोक्यावर लोकांचं सामान होतं.

मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईनं या हमाल बाईतली मास्तरीण ओळखली आणि शाळेत नोकरी दिली. महिना 4 रुपये. पण महाराची बाई आपल्या पोरांना शिकवते, हे कळल्यावर सवर्णांनी पोरं काढून घेतली. नोकरी गेली. आता बघा, त्या आईबापांच्याही मध्यभागी मूलच होतं. आपलं मूल बाटू नये एवढीच त्यांची काळजी! म्हणून ‘मूल मध्यभागी’ असं नुसतं कोणी म्हणालं की मी विचारतो, कोणाचं मूल?

1922 मध्ये जाईबाईनं स्वतःची शाळा काढली. संत चोखामेळा कन्याशाळा. तिच्याही आधी, 1907 ला, किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी शाळा काढली होती. बनसोडे मजुरांचे पुढारी, कवी, छापखाना चालवणारा माणूस. धर्मांतराच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांसोबत नव्हते, म्हणून आपल्या पोस्टरवर त्यांचा फोटो दिसत नाही. ते मतभेद खरेच आहेत, पण शाळेचं काय? ती पण पुसायची का? आणि चोखामेळ्याचं नाव पाहून नाक मुरडणाऱ्या पोट्ट्यांनी ध्यानात घ्यावं की 1922 ला आपल्याजवळ तेच नाव होतं. 1956 ची दीक्षाभूमी अजून चौतीस वर्षं पुढं होती.

पद्धत म्हणजे काय, हा माझा खरा प्रश्न आहे. महात्मा फुल्यांनी 1882 ला हंटर कमिशनपुढं मागितलं होतं की शिक्षक शेतकऱ्यांतून यावेत, नांगर-वाकस हातात धरायला न लाजणारे, खालच्या लोकांत मिसळणारे. हे नुसतं नोकऱ्यांचं मागणं नव्हतं बाप्पा, ही पद्धत होती. ज्यानं ओझं वाहिलं त्याला ठाऊक असतं की पोरगी सकाळी उशिरा काऊन आली, पेंगते काऊन. तिला छडी मारून उत्तर निघत नाही. आणि फुल्यांच्या शाळेतून काय निघालं? 1855 ला मुक्ता या मांगाच्या शाळकरी पोरीचा निबंध ‘ज्ञानोदय’त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. विषय तिचा, अनुभव तिचा, राग तिचा. जॉन ड्युईचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्याच ड्युईच्या वर्गात पुढं कोलंबियाला बाबासाहेब बसले, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहेच.

ताराबाईंना मी मोडीत काढत नाही. 1945 नंतर बोर्डीला त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाहिलं की दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत, तेव्हा त्या बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी शब्द तिथला. प्रामाणिक काम. पण जाईबाईला वस्तीत जावं लागलं नाही, ती वस्तीचीच होती. तरी एकीला पद्मभूषण, दुसरीचं नाव नागपुरात विचारून बघा.

1937 साल तर वाचण्यासारखं आहे. ऑक्टोबरात वर्ध्याला गांधींची शिक्षण परिषद, नई तालीम. मुलानं हस्तोद्योगातून शिकावं, सूत कातावं. एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली, 2002 ला बंद पडली, आमच्या आज्यांनी तिथं सूतच काढलं. त्यातून कोणी शहाणं झाल्याचं ऐकलं नाही. आमच्या पोरांना तकली नको होती, पाटी पाहिजे होती. आणि त्याच डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. तिथं जेवणाच्या वेळी जाईबाईला वेगळं बसवलं. पंधरा वर्षं शाळा चालवलेली बाई! आपल्या बायांनी गिळून घेतलं नाही. 1 जानेवारी 1938 ला निषेधाची सभा घेतली.

हे सगळं 1989 पर्यंत पुस्तकात नीट आलं नव्हतं. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या बायांपाशी बसल्या, तेव्हा ‘आम्हीही इतिहास घडवला’ उभं राहिलं.

पाळी सुटल्यावर मी वस्तीतल्या पोट्ट्यांना घेऊन बसतो. तुमच्यातले पुष्कळ जण अभ्यासिका चालवतात. तर एक काम करा. नई वस्ती, इंदोरा, पाचपावली इथल्या म्हाताऱ्या बायांकडं जा. त्यांना किंवा त्यांच्या आईला पहिलं अक्षर कोणी शिकवलं, पाटी कुठून आली, बाई वर्गात काय बोलायच्या, विचारा. त्यांच्याच शब्दांत लिहून आणा, शुद्ध करत बसू नका. छापायचं आम्ही बघतो.