फोटोतलं हरीण आणि कापलेली पट्टी

आजचा भाग सुरू होतो माझ्या लॅपटॉपच्या वॉलपेपरपासून. तीन वर्षं झाली, तोच आहे. काळवीट नर, पाठ जवळजवळ काळी, पोट पांढरंफेक, पिळाची शिंगं, सकाळचं तिरपं ऊन आणि मागे सगळं सोनेरी धूसर. ऑफिसात कोणीही बघितलं की विचारतं, "आफ्रिका का रे?" मी म्हणतो, मेहकर.

संक्रांतीला गावी गेलो होतो तेव्हा काढलेला फोटो आहे. काकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बघितला, पुन्हा लहान केला आणि म्हणाले, "फोटू तं मस्त हाय बाप्पा. पण हरभरा कुठी गेला याच्यातला?"

हरभरा मी कापला होता. काळवीट उभं होतं काकांच्याच शेतात, घाटे धरलेल्या हरभऱ्यात. लेन्स 300 एमएमची, त्यामुळे खालचं पीक नुसती हिरवी पट्टी झालं होतं. ती खटकत होती म्हणून क्रॉप केली. मागचं सोनेरी माळरान तेवढं ठेवलं. आज मला त्या कापलेल्या पट्टीचा इतिहास सांगायचाय. थोडा लांबून येतो, सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा, नाहीतर कोणीतरी मला पकडणारच. काळवीट हे शास्त्राच्या हिशोबाने हरीण नाही. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. त्यांच्या नरांची शिंगं भरीव असतात आणि दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि आपला रोही, म्हणजे नीलगाय, हे कुरंग. त्यांची शिंगं आतून पोकळ असतात आणि जन्मभर राहतात. पण आमच्याकडे माळावरच्या कळपाला "हरणं" म्हणतात आणि मी गावात जाऊन हे सुधारायला लागलो तर लोक चहा पाजून परत पाठवतील. म्हणून आज हरणं.

ज्यांना बुलडाणा जिल्हा फक्त लोणारमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी भूगोल दोन वाक्यांत. जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेची काळी, सपाट जमीन, मलकापूर, नांदुरा, शेगाव. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. पैनगंगा अजिंठ्याच्या रांगेत बुलडाण्याजवळ उगम पावते आणि मेहकरवरून पुढे जाते. या खोऱ्यात नदीकाठी चांगली जमीन आणि वर चढलं की हलकी, मुरमाड, गवताची. त्या गवताळ माळावर काळवीट राहायचं. हा दाट जंगलातला प्राणी नाहीच. त्याला लांबवर दिसलं पाहिजे आणि धोका दिसला की मोकळं पळता आलं पाहिजे. बचावाची सगळी भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर.

हे मी ताणून सांगतोय कारण "जंगल कमी झालं म्हणून हरणं शेतात आली" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. बिबट्यासाठी त्यात तथ्य असेल, काळविटाला ते लागू पडत नाही. ते कुठून आलेलंच नाही. ते होतं तिथेच आहे, शेत त्याच्याकडे चढत आलं.

हे शेत कसं चढलं ते बघू. मुघलांच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त लोणारचाही उल्लेख येतो. त्या काळात काळवीट म्हणजे बादशहाची आवडती शिकार. पाळलेले चित्ते गाडीतून माळावर न्यायचे, डोळ्यांवरची टोपी काढायची आणि सोडायचे. अकबराकडे असे शेकडो चित्ते होते. आणि त्याच घराण्यात जहांगीरने लाहोरजवळ शेखूपुऱ्याला आपल्या लाडक्या पाळीव हरणासाठी मिनार बांधला, हिरण मिनार. आजही उभा आहे. शिकारही करायची आणि स्मारकही बांधायचं. आपण हसतो, पण मी तरी वेगळं काय केलं? काकांच्या पिकाच्या नुकसानीचा वॉलपेपर केला.

खरी उलथापालथ एकोणिसाव्या शतकातली. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पुढे गेली आणि 1867 ला नागपूरला पोचली. खामगावच्या कापूस बाजारासाठी तर 1870 ला वेगळा फाटा टाकला, त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. मोजणी झाली, जमिनीला नंबर पडले, पडीक जमीन नांगराखाली यायला लागली.

पण कापसाला काळी जमीन लागते. घाटावरचा मुरमाड माळ त्या लाटेत बराचसा सुटला असणार, असा माझा अंदाज. तो गुरांसाठी राहिला. आमच्याकडे अजून अशा जमिनीला "ई-क्लास" म्हणतात. लहानपणी मला वाटायचं हा शाळेतल्या तुकडीसारखा प्रकार आहे, अ, ब, क, ड, ई. इंग्रजी अमदानीतल्या महसुली वर्गवारीचा हा शब्द, गावच्या चराईची जमीन. कागदावर ती काळविटाची कधीच नव्हती. व्यवहारात मात्र त्याला उरलेली जागा बहुतेक तीच.

आता कॅमेऱ्याकडे येतो. रानातल्या हरणाच्या फोटोग्राफीची सुरुवात मला अपेक्षित होती त्यापेक्षा फारच वेगळी निघाली. अमेरिकेत जॉर्ज शायरस नावाचा वकील होता, शिकारी. तिकडे रात्री हरणं मारायची एक पद्धत होती. होडीच्या टोकाला दिवा ठेवायचा आणि आवाज न करता तळ्याच्या काठाने जायचं. पाण्यावर आलेलं हरीण उजेडाकडे बघत थिजून उभं राहतं, डोळे चमकतात, त्या डोळ्यांच्या मधोमध गोळी घालायची. शायरसने 1889 च्या सुमारास तेच सगळं केलं, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या पुडीचा झगमगाट. 1906 मध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्याचे 74 फोटो एका अंकात छापले. आपल्याकडे 1920 च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांतातल्या जंगलात वाटेवर तार लावून ठेवली, वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश आणि फोटो.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना बॅटरीच्या उजेडात केलेली शिकार आठवते. कळप थबकतो, डोळे हिरवे चमकतात. युक्ती तीच. आणि आजही रात्री गाडीचे हेडलाइट माळावर मारून "शॉट" घेणारे लोक आहेत. हे मात्र करू नका. उजेडाने बावचळलेला कळप कुठेही पळतो, विहिरीत पडतो, तारेत अडकतो.

स्वातंत्र्यानंतर शिकार उलट वाढली. जीप आली, बंदुका आल्या, धान्य वाढवायची घाई होती. माळावरचा मोठा शिकारी तर संपलाच. भारतातले शेवटचे चित्ते 1947 ला कोरिया संस्थानात मारले गेले असं मानतात आणि 1952 ला चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. पुढे बुलडाणा-खामगावच्या मधल्या डोंगरात 1997 ला ज्ञानगंगा अभयारण्य झालं, साधारण 205 चौरस किलोमीटरचं. तिपेश्वरहून निघालेला पट्टेवाला वाघ टी1-सी1 शेतं, रस्ते, नाले ओलांडत 2019 च्या डिसेंबरमध्ये इथेच येऊन थांबला होता. गळ्यातल्या जीपीएसमुळे त्याचा मुक्काम जगाला कळला, बातम्या झाल्या. ज्ञानगंगा अस्वलांचं, बिबट्यांचं, झाडीतल्या प्राण्यांचं घर आहे. माळावरचं काळवीट त्या हद्दीबाहेरच राहिलं, कायद्याने पूर्ण संरक्षित आणि राहायला दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर.

शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळला खास काळविटांचं अभयारण्य आहे, जेमतेम 18 चौरस किलोमीटर. आमच्या खोऱ्यात असं काही नाही.

माळ शेवटी गेला तो कापसाने नाही, सोयाबीनने. 1990 च्या दशकापासून सोयाबीन पसरलं. हलक्या जमिनीतही येतं, तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा. ट्रॅक्टर आले, विहिरी-बोअर आले, ई-क्लासवर अतिक्रमणं झाली. काका म्हणतात, पूर्वी ज्वारी उंच व्हायची, हरणं आत शिरत नसत, त्यांना पुढचं दिसलं पाहिजे ना. सोयाबीन आणि हरभरा गुडघ्याएवढे. म्हणजे आपण कोवळ्या, पौष्टिक चाऱ्याचं मोकळं मैदान तयार केलं, खरिपात एकदा आणि रब्बीत एकदा. काळविटाच्या बाजूने बघितलं तर माळ सुधारला. हे माझं नाही, काकांचं निरीक्षण आहे आणि मला ते पटतं.

शिवाय समृद्धी महामार्ग. आमच्या जिल्ह्यातून मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा असा जातो. डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. आता पुण्याहून गावी जायला खरंच कमी वेळ लागतो, मी तो वापरतो, उगाच साळसूदपणा करत नाही. पण जो कळप दोन बाजूंना चरायचा तो आता कुठल्यातरी एका बाजूला अडकलाय. कारंजा-सोहोळकडे प्राण्यांना ओलांडायला जागा ठेवल्या आहेत. पण शेताशेतात राहणारी हरणं अभयारण्याच्या नकाशात येतच नाहीत, तर त्यांच्यासाठी जागा कुठे ठेवणार? एका बाजूला कोंडलेला कळप त्या बाजूच्या दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या वाट्याला येतो. त्यात काका.

मग उपाय काय? जागल. थंडीत रात्रभर शेतात. झटका मशीन, साड्यांची कुंपणं, फटाके. मध्य प्रदेशात 2025 मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकत शेकडो काळविटं पकडून अभयारण्यात नेऊन सोडली. काकांना तो व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "इकडं काहून नाई येत ते इमान?" आणि लगेच, "पण समदीच नेली तं बी सुनं वाटंन."

यंदा जानेवारीत पुन्हा गेलो. दोन रात्रीत हरभऱ्याचा पाऊण एकर साफ. नुकसानभरपाईच्या अर्जाला, पंचनाम्याला फोटो हवेत म्हणून काकांनी मला उठवलं. मोठा कॅमेरा घेतला तर म्हणाले, तो नको, मोबाइल घे. फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटलं पाहिजे. गंमत बघा, काळविटाचा फोटो इंटरनेटवर टाकताना मी आधी लोकेशन पुसतो, शिकाऱ्याला कळप सापडू नये म्हणून. कामातल्या सवयीने त्यासाठी छोटी स्क्रिप्टच लिहून ठेवलीय. इथे लोकेशन नसेल तर फोटोला किंमत नाही.

चाळीसेक फोटो काढले. खुरटलेली झाडं, शेंडे खाल्लेले, खुरांचे ठसे, लेंड्या, शेजारी मापाला ठेवलेली काकांची चप्पल. काकांनी सहा निवडले. मग त्यांना माझा जुना फोटो आठवला. घरी येऊन मी हार्डडिस्कवरची मूळ फाइल शोधली, न कापलेली. खाली हरभरा आहे. धूसर आहे, पण घाटे ओळखू येतात, मागे धुऱ्यावरची बाभूळही दिसते. काकांनी बराच वेळ बघितली.

"हा चांगला हाय," म्हणाले. "पण तारीख तीन वर्षं जुनी. हा नाई चालणार."

वॉलपेपर आता तोच आहे, पट्टीसकट. अर्जाचं काय झालं ते कळलं की सांगेन. भेटू पुढच्या भागात.