बिनतारी चार्जिंग (मोबाइल फोनचे)

फोनला वायर न जोडता, चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने त्याची बॅटरी भरण्याची पद्धत. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युत् चुंबकीय प्रवर्तन हे तिचे मूलतत्त्व होय.

कार्य : फोन ज्यावर ठेवतात त्या चार्जिंग पॅडमधील तांब्याच्या वेटोळ्यातून दर सेकंदाला लाखभर वेळा किंवा त्याहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे फोनच्या पाठीमागील वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून बॅटरी भरली जाते. मध्ये नाणे किंवा किल्ली आल्यास ती तापण्याचा धोका असतो, म्हणून ती ओळखून पुरवठा थांबवण्याची सोय प्रमाणित पॅडमध्ये असते.

प्रसार : ‘वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम’ ही उद्योगसंस्था २००८ मध्ये स्थापन झाली व २०१० मध्ये तिचे ‘ची’ हे मानक आले. नोकिया ल्युमिया ९२० (२०१२), आयफोन ८ व आयफोन एक्स (२०१७) यांनी ते स्वीकारले. २०२३ च्या ‘ची २’ मानकात चुंबकांची कडी आली. त्यामुळे दोन्ही वेटोळी अचूक समोरासमोर बसतात.

वायरशी तुलना : ऊर्जेच्या हिशेबात वायर निःसंशय सरस ठरते. बिनतारी पद्धतीत ऊर्जेचा बराच भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. फोन थोडा सरकला, तर हा अपव्यय वाढतो. उष्णतेमुळे लिथियम-आयन बॅटरी लवकर जीर्ण होते. ‘ची २’ची शक्ती आरंभी १५ वॅटपर्यंत होती, तर वायरने ६० वॅटहून अधिक शक्ती घेणारे अनेक फोन बाजारात आहेत. शिवाय चार्जिंग चालू असताना वायर जोडलेला फोन हातात धरून वापरता येतो. पॅडलाही वीज वायरनेच मिळते.

खरे लाभ : फोनला वायर जोडण्याच्या पोर्टची झीज टळते. पोर्टमध्ये ओल शिरली असता, फोनची पाठ कोरडी करून तो पॅडवर ठेवता येतो. बारीक पिन जुळवणे ज्यांना कठीण जाते, अशा वृद्धांना व दृष्टिहीनांना ही पद्धत सुकर आहे. एकाच पॅडवर निरनिराळ्या कंपन्यांचे फोन चालतात.

मूल्यमापन : या पद्धतीचा लाभ हाताळणीत आहे, वेग किंवा वीजबचत यांत नाही. घाई असताना, तसेच वीज इन्व्हर्टर किंवा पॉवर बँकेतून येत असल्यास वायर वापरणेच योग्य. मात्र पोर्ट बिघडलेला, पण एरवी धडधाकट फोन केवळ पॅडच्या आधारे पुढेही वापरता येतो. तो वेळेआधी ई-कचऱ्यात जाण्यापासून वाचतो, हा लाभ मोलाचा आहे.